खुर्चीत बसून माणूस करपतो कसा?

पलूसकडच्या एक मावशी गेली दहा वर्षं साखरेच्या तपासणीसाठी माझ्याकडे मिरजेला येतात. मागच्या दिवाळीनंतर आल्या तेव्हा सोबत त्यांचा मुलगा होता. वय एकतीस. फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून, स्पर्धा परीक्षा देऊन तो एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, लागला. एका मोठ्या विमानतळावर विमानांची वाहतूक सांभाळतो. मी त्याचं ब्लड प्रेशर घेतलं, १५२/९८. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, फारसा फरक नाही. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, ना ऊन लागतंय, ना वझं उचलायचंय. एसीत खुर्चीवर बसून असतंय. मग पोरगं दमतंय कशानं?"

मुलगा गप्प होता. मावशींनीच पुढं सांगितलं, की सुट्टीला घरी आला तरी जेवताना दोघं एकदम बोलायला लागली की तो ताट सोडून उठतो आणि गोठ्यात जाऊन बसतो.

त्या मायलेकांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, मी हे लिहितो आहे. मावशींच्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणं मला त्या दिवशी जमलं नाही. आणि प्रश्न एकट्या त्यांच्या मुलाचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या वाहतूक, पर्यटन आणि संस्कृतीविषयक स्थायी समितीनं हवाई सुरक्षेवरच्या अहवालात या नियंत्रकांचा थकवा आणि अपुरं मनुष्यबळ यावर चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी अमेरिकेत सरकारी खर्चाचं विधेयक अडलं, नियंत्रक ४३ दिवस पगाराविना राबले आणि शेवटी तिथल्या ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. बातम्या आल्या आणि गेल्या. खुर्चीत बसलेल्या माणसाला होतं काय, ते मात्र कुणी समजावून सांगितलं नाही.

आधी काम समजून घेऊ

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रकाची केबिन असते, आपण ज्याला नुसतं 'कंट्रोलर' म्हणतो. कंडक्टर खिडकीशी येऊन नोंद करतात, माइकवरून फलाट पुकारले जातात, उशिरा आलेल्या तासगाव गाडीची जागा दुसरीला दिली जाते. गर्दी वाढली तर गाडी बाहेर रस्त्यावर थांबवता येते. ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन येतो. काही बिघडत नाही.

हवाई वाहतूक नियंत्रकाचं कामही असंच आहे, फक्त त्याच्या गाड्यांना थांबा नाही. आकाशातलं विमान उभं करता येत नाही. फार तर गोल फिरवत ठेवता येतं, आणि तेही इंधन असेपर्यंत.

या कामाचे ढोबळ तीन टप्पे आहेत. टॉवरमधला नियंत्रक काचेतून धावपट्टी बघत विमानांना उतरायची आणि उडायची परवानगी देतो. 'अप्रोच'वाला उतरायला येणाऱ्या आणि नुकत्याच उडालेल्या विमानांची रांग लावतो. तिसरा 'एरिया'वाला. तो उंचावरून जाणारी विमानं रडारच्या पडद्यावर सांभाळतो आणि त्याला विमान डोळ्यांनी कधीच दिसत नाही. संध्याकाळी मिरजेच्या गच्चीवरून पांढरी रेघ ओढत जाणारी विमानं दिसतात, ती मुंबईच्या नियंत्रण क्षेत्रात असतात. म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटरवर कुणीतरी त्यांच्याशी त्या क्षणी बोलत असतं.

आता वेगाचा हिशोब. सांगली ते सातारा रस्त्यानं साधारण सव्वाशे किलोमीटर, एस.टी.ला अडीच-तीन तास. ताशी ८४० किलोमीटर वेगाचं विमान तेवढं अंतर नऊ मिनिटांत कापतं. उंचावरच्या दोन विमानांमध्ये रडारवर सहसा सव्वानऊ किलोमीटरचं आडवं अंतर किंवा हजार फुटांचं उभं अंतर ठेवावंच लागतं. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर हे सव्वानऊ किलोमीटर वीस सेकंदांत संपतात. 

डोक्यातलं 'पिक्चर'

नियंत्रकांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो, 'पिक्चर'. कोणतं विमान कुठं आहे, किती उंचीवर आहे, पुढच्या पाच मिनिटांत कुठं असेल आणि कुणाच्या आड येईल, याचं डोक्यात तयार असलेलं हलतं चित्र. पडद्यावर फक्त आत्ताचे ठिपके असतात. पुढची पाच मिनिटं नियंत्रकाच्या डोक्यात असतात.

गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवा. काहिलीत रस उकळतोय आणि पाक नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा हे त्याच्या नजरेला कळतं. त्या दोन मिनिटांत त्याला कुणी हाक मारत नाही, कारण क्षण चुकला तर सगळी काहील वाया. नियंत्रकासमोर अशा दहा-बारा काहिली एकदम असतात, प्रत्येकीचा क्षण वेगळा, आणि हे तासन्‌तास चालतं.

त्या मुलानं मला पाळी बदलण्याची पद्धत सांगितली. नवा माणूस आला की लगेच खुर्चीत बसत नाही. आधी मागं उभा राहतो, खांद्यावरून पडदा बघतो, रेडिओ ऐकतो. डोक्यात पिक्चर तयार झालं की मगच बसतो. उठणाराही लगेच जात नाही, थोडा वेळ शेजारी थांबतो. "आणि सर," तो म्हणाला, "उठल्यावर पिक्चर लगेच जात नाही. चहा पितानाही ती विमानं डोक्यात हलत असतात. एखाद्याला उंची दिली का नाही, हे पंधरा मिनिटांनी आठवतं आणि पोटात गोळा येतो. दिलेली असते. पण गोळा यायचा तो येतोच."

गोठ्याचा उलगडा मला तिथं झाला. ड्यूटीवर त्याच्या कानात पायलटचा आवाज असतो, त्याच वेळी शेजारचा सहकारी बोलत असतो, फोनवरून दुसरं केंद्र काहीतरी विचारत असतं, आणि यातला एकही शब्द सोडून चालत नाही. पायलटनं सूचना परत म्हणून दाखवली, तर ती अक्षर न अक्षर बरोबर आहे का हे ऐकावं लागतं. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला जेवणाच्या पंगतीतले दोन आवाजही काम वाटतात. गोठ्यात कुणी बोलत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीर खर्च करतं त्यातली वीसेक टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. असं तासन्‌तास सावध बसताना ताणाची रसायनंही रक्तात उतरत राहतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू आवळलेले राहतात. पळून किंवा मारामारी करून हा ताण मोकळा व्हावा अशी शरीराची जुनी रचना आहे. इथं माणूस खुर्चीत बसलेला आणि आवाजही शांत ठेवायचा. ताण आतच जिरतो.

दमणं वेगळं, करपणं वेगळं

'बर्नआऊट' हा शब्द हल्ली कुठंही वापरतात, म्हणून नीट बघू. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये तो या अर्थानं मांडला. पुढं क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था, असं तिचं वर्णन आहे. खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याच्यानं काम नीट होत नाही असं वाटायला लागणं.

मावशींना मी हे पिकावरून सांगितलं. पाण्याची पाळी चुकली की पीक माना टाकतं. पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी उभं राहतं. ते दमणं. पण ऊन लागतच राहिलं आणि पाणी आलंच नाही, तर पानं करपतात. मग पाट भरून पाणी सोडलं तरी करपलेलं पान हिरवं होत नाही, नवं फुटायची वाट बघावी लागते. ते बर्नआऊट. दमलेला माणूस दोन रात्री नीट झोपला की माणसात येतो. करपलेला माणूस आठवडाभर सुट्टी घेऊन येतो आणि पहिल्याच पाळीला त्याला वाटतं, सुट्टी घेतलीच नव्हती.

मधल्या पायऱ्या असतात. सांगलीकराला आयर्विन पुलाखालची पातळी पाठ असते, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पाणी ४० वर आलं की आपण खालच्या मजल्यावरचं सामान हलवायला लागतो, ४५ ची वाट बघत बसत नाही. करपण्याच्याही अशा इशारा पातळ्या आहेत. सुट्टीच्या दिवशीही झोप न लागणं, लहान गोष्टीवर भडकणं, ड्यूटीला निघताना पोटात कळ येणं, ज्या कामाचा अभिमान होता त्याबद्दल 'काय फरक पडतो' म्हणणं. मुलगा दोन वर्षं ४० फुटांच्या वर होता. घरच्यांना वाटलं, शहरात राहून पोरगं तिरसट झालंय.

रात्री दोन ते पहाटे सहा

आमच्याकडे साखर कारखान्यात रातपाळी करणारे पेशंट खूप. मिरज जंक्शनमुळे रेल्वेचे लोको पायलट आणि स्टेशन मास्तरही येतात. त्या सगळ्यांना एक गोष्ट पुस्तक न वाचता माहीत असते, पहाटे तीन-चारच्या सुमाराला माणूस बसल्या जागी जातो. मेंदूत स्वतःचं घड्याळ असतं आणि ते सूर्यावर चालतं. रात्री दोन ते सहा या वेळात शरीराचं तापमान उतरतं आणि सावधपणा तळाला जातो. दिवसा कितीही झोपलं तरी हे घड्याळ सहजासहजी उलटं होत नाही. शिवाय दिवसाची झोप तुटक असते. उजेड, दारावरची बेल, भाजीवाला, आणि 'आता उठला असशील ना' म्हणून आईचा फोन.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये जाग्या माणसांची आणि दारू प्यायलेल्या माणसांची कामगिरी ताडून पाहिली. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावलेला निघाला. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारूचा वास येतो, जाग्रणाचा येत नाही, एवढाच काय तो फरक.

पाळ्या कशा लावल्या आहेत यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकेत वर्षानुवर्षं एक पद्धत चालत आली: आठवड्यात आधी दोन संध्याकाळच्या, मग दोन सकाळच्या आणि शेवटी एक रात्रीची पाळी, मधली विश्रांती कमी करत. शेवटी सलग मोठी सुट्टी मिळते, म्हणून खुद्द नियंत्रकांनाही ती आवडायची. पण शेवटच्या दिवशी पहाटेच्या पाळीवरून घरी येऊन त्याच रात्री पुन्हा ड्यूटीवर जायचं. मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या एका विमानतळावर टॉवरमध्ये एकटा असलेला नियंत्रक रात्री झोपी गेला आणि दोन प्रवासी विमानं टॉवरच्या मदतीशिवाय उतरली. त्यानंतर दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती आठ तासांवरून नऊ झाली, आणि २०२४ मध्ये ती दहा, तर रातपाळीपूर्वी बारा तास करायचं जाहीर झालं. एका तासाच्या झोपेसाठी तेरा वर्षं.

शरीरावर काय उमटतं

१९७३ साली कॉब आणि रोझ या अमेरिकी संशोधकांनी चार हजारांहून अधिक नियंत्रकांच्या वैद्यकीय नोंदी वैमानिकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. नियंत्रकांत उच्च रक्तदाब जास्त होता आणि कमी वयात सुरू झालेला होता. पोटातल्या अल्सरचं प्रमाणही जास्त. आणि जिथं विमानांची वर्दळ अधिक, तिथं हे दोन्ही अधिक. अभ्यास जुना आहे आणि प्रत्येक नियंत्रकाला बीपी होतोच असं त्याचा अर्थ काढू नये. पण १५२/९८ बघितलं तेव्हा मला त्याची आठवण झाली.

रातपाळीचे परिणाम तर सगळ्या व्यवसायांत दिसतात. रात्री खाल्लेल्या अन्नातली साखर शरीराला नीट हाताळता येत नाही, म्हणून वजन आणि मधुमेहाचा धोका वाढतो. आईला मधुमेह आहे, म्हणजे या मुलाला तो धोका घरातूनही आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. नियंत्रकाला ठराविक काळानं वैद्यकीय तपासणी पार करावी लागते, नाहीतर खुर्चीत बसता येत नाही. हे योग्यच आहे. पण त्यामुळे झोप येत नाही, उदास वाटतं, छातीत धडधडतं हे सांगितलं तर काम जाईल या भीतीनं माणूस सांगतच नाही. या मुलानंही मला पहिल्या भेटीत सांगितलं नव्हतं.

आणि एक घाव असा, की तो कुठल्याच तपासणीत दिसत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान दुपारी १ वाजून ३८ मिनिटांनी उडालं. १ वाजून ३९ मिनिटं ५ सेकंदांनी पायलटचा 'मे-डे', म्हणजे संकटाचा पुकारा, आला. प्राथमिक चौकशी अहवालात पुढचं कोरडं वाक्य आहे: नियंत्रकानं विमानाची ओळख विचारली, उत्तर आलं नाही, आणि विमान विमानतळाच्या हद्दीबाहेर कोसळताना त्याला दिसलं. त्यानं लगेच आपत्कालीन यंत्रणा हलवली. २६० माणसं गेली. त्या खुर्चीतल्या माणसाची काही चूक नव्हती. तरीही अशा प्रसंगानंतर माणसाला लगेच खुर्चीतून उठवावं लागतं, त्याच्याशी त्याच कामातल्या प्रशिक्षित सहकाऱ्यानं बोलावं लागतं, आणि परत कधी बसायचं हे घाईनं ठरवून चालत नाही. अनेक देशांत याची रीतसर व्यवस्था असते. ती प्रत्येक टॉवरमध्ये असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

"पण पगार चांगला असतो की!"

असतो. मुलानं गावात घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. पण पगारानं मेंदूतलं घड्याळ बदलत नाही.

"रात्री शेताला पाणी पाजणारा दमत नाही का?"

हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच दमलेला असतो. रात्रीची वीज आली म्हणून बारा वाजता बॅटरी घेऊन उसात जाणारा शेतकरी, कारखान्यातला पॅनमन, सिव्हिलमधली नर्स, या सगळ्यांची झोप तितकीच मोलाची आहे. कुणाचं दुखणं मोठं, ही स्पर्धा नाही. नियंत्रकाच्या बाबतीत वेगळं इतकंच, की त्याच्या एका डुलकीची किंमत त्याच्या ओळखीचे नसलेले तीनशे लोक मोजू शकतात.

"आता तर सगळं कॉम्प्युटरवरच चालतं ना?"

बरंचसं चालतं, आणि त्यानं सुरक्षा खूप वाढली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाकस्तानचं विमान दिलेली उंची सोडून खाली आलं होतं, आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर नियंत्रकाला विमानांची उंची दिसतच नव्हती. त्यानंतर रडार सुधारलं आणि विमानात धडक टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

पण यंत्र बिघडलं की सगळा भार पुन्हा माणसावर येतो, तोही एका झटक्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश पोचवणारी यंत्रणा बंद पडली. उड्डाणांची माहिती नियंत्रकांना हातानं भरावी लागली आणि आठशेहून अधिक विमानांना उशीर झाला. बातमी उशिराची झाली. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ती माहिती हातानं भरत, त्याच वेळी पायलटशी बोलणारी माणसं येत होती.

"योगासनं करा, मन खंबीर ठेवा"

मीही पेशंटला चालायला, प्राणायाम करायला सांगतो. उपयोग होतो. पण चुकीच्या पाळ्यांवर ते औषध नाही. जुलै २००२ च्या पहिल्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ जण गेले, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. तिथलं आकाश सांभाळणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या केंद्रात एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता, आणि दुरुस्तीमुळे मुख्य फोन आणि धोक्याची सूचना देणारी सोय बंद होती. त्याला धोका दिसला तेव्हा मिनिटही उरलं नव्हतं. त्यानं एका विमानाला खाली यायला सांगितलं, त्याच वेळी विमानातलं यंत्र पायलटला वर जा म्हणत होतं. चौकशीत व्यवस्थापनावरही बोट ठेवलं गेलं, कारण रात्री एकट्यावर काम सोडायची पद्धत तिथं वर्षानुवर्षं चालवून घेतली होती. पुढं २००४ मध्ये, कुटुंब गमावलेल्या एका माणसानं त्या नियंत्रकाचा त्याच्या घरी जाऊन खून केला. त्या कंपनीतल्या चौघांना न्यायालयानं दोषी ठरवलं, ते २००७ मध्ये.

म्हणून उपाय पाळीपत्रकापासून सुरू होतात. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकापासून नियम आहे, सलग दोन तासांहून जास्त वेळ खुर्चीत नाही आणि मग अर्ध्या तासाची सुट्टी. भारतातही ड्यूटीच्या तासांवर मर्यादा घालणारे नियम आहेत. ते पाळायला माणसं पुरेशी हवीत. रातपाळीत डुलकी ही चोरी न मानता ती ठरवून द्यावी. नासाच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांबच्या उड्डाणांवरच्या वैमानिकांना झोपायला चाळीस मिनिटं दिली, ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढं लक्षणीय सावध राहिले. फक्त उठल्याबरोबर खुर्चीत बसवू नये, मेंदूला नीट जागं व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

मग विमानात बसायचं की नाही?

बिनधास्त बसा. परत म्हणून दाखवायची पद्धत, दुसरा नियंत्रक, विमानातलं यंत्र, पायलटचे डोळे, असे एकावर एक पदर असतात. दमलेला नियंत्रक म्हणजे त्यातला एक पदर विरळ होणं.

आपल्याकडे कवलापूरला विमानतळ व्हावा ही जुनी मागणी आहे, कऱ्हाडच्या धावपट्टीच्या विस्ताराची चर्चा आहे, कोल्हापूरहून उड्डाणं वाढताहेत. हे सगळं व्हावं, मलाही हवं आहे. पण सभांमध्ये एकर आणि धावपट्टीची लांबी ऐकू येते. टॉवरमध्ये किती माणसं असतील आणि रात्रीचा एकटा किती तास बसेल, हे विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. बी.एस्सी. झालेली आपली मुलं गोंदियाला, हैदराबादला, प्रयागराजला प्रशिक्षण घेऊन याच खुर्च्यांत बसणार आहेत.

तो मुलगा आता बीपीची गोळी घेतो. त्याच्याकडच्या डॉक्टरांना त्यानं स्वतःहून सगळं सांगितलं आणि काही आठवडे रातपाळीतून मोकळीक मागून घेतली. परवा मावशी एकट्याच साखर तपासायला आल्या. पिशवीतून कालनिर्णयचं पान काढून त्यांनी टेबलावर पसरलं. पोराच्या पाळ्या त्यावर लाल-निळ्या पेनानं मांडलेल्या होत्या, रातपाळीच्या दुसऱ्या दिवसाला फुली. त्या दिवशी तीन वाजेपर्यंत फोन करायचा नाही, असं त्यांनी सगळ्या भाऊबंदांना सांगून ठेवलंय. जेवताना एक बोलतो, बाकीचे थांबतात. मग पानावरच्या तीन सलग लाल चौकोनांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ह्या पाळ्या ठरवतं कोण?"